आतला खिसा

तिसऱ्या अंकाच्या शेवटी ती मरते.
सव्वीस वर्षं मीच तिला धुते आहे,
म्हणजे तिचा पांढरा झगा.
बीटाचा रस, त्यात थोडं ग्लिसरीन;
लगेच गार पाण्यात बुडवावा लागतो,
नाहीतर डाग बसतो, आणि दुसऱ्या दिवशी
पहिल्या अंकातच लोकांना कळतं पुढे काय होणार.
कळलेलंच असतं म्हणा. तिकीट काढतानाच.

चार गायिका बदलल्या. कुणी अंगानं भरली, कुणी सुकली.
शिवणीत मी दोन बोटं माया सोडते;
त्या मायेत मरण सगळ्यांच्या मापाचं निघतं.

वरच्या मजल्यावरची नायेली, वय सोळा.
आईबाप इक्वेडोरहून आले, ती इथलीच,
जेनोवाच्या बंदरामागे, क्रेनच्या सावलीत वाढलेली.
फोनवर अंगठ्यांनी गोष्ट लिहिते, वर्गातल्या पोरांसाठी:
तीच मुलगी, तोच खोकला, फक्त आत्ताचा.
घोडागाडी नाही, सायकल;
पाठीवर चौकोनी पेटी, पेटीत कुणाचा तरी गरम पिझ्झा.
पत्रं नाहीत. प्रियकर ऑनलाइन दिसतो आणि उत्तर देत नाही.
घरमालक मात्र तसाच ठेवलाय, म्हणाली,
त्याच्यात काही बदलावंच लागलं नाही.

माझ्या मशीनशेजारी बसून तिनं सगळं वाचून दाखवलं.
शेवट आला तसा मी चष्मा काढला.
सत्तेचाळीस सेकंदांचा व्हॉइस मेसेज, आणि संपलं?
अगं, मरणाऱ्या बाईला निदान नऊ मिनिटं तरी दे.
आमच्याकडे नऊ लागतात. मी विंगेत उभी राहून मोजलीत,
एका हातात शाल, एका हातात थर्मास.
श्वास संपलेली बाई इतकं गाते कशी,
असं कुणी विचारत नाही. पैसे त्याचेच दिलेले असतात.

नायेली म्हणाली, नऊच लागली.
मला वाटलं, संगीताबद्दल बोलते आहे.

विल्मेर, तिचा धाकटा. मागच्या फेब्रुवारीत.
दम्याचा पंप रिकामा. लिफ्ट बंद,
दारावरची नोटीस ऑगस्टपासून तशीच चिकटलेली.
अँब्युलन्सवाले खुर्ची उचलून सहा मजले चढले.
तोवर तो एक शब्द बोलला नाही,
नुसता आवाज, कुलपाच्या भोकातून वारा यावा तसा.
फोनवरची बाई हिला सांगत होती, त्याच्याशी बोलत राहा,
आणि हिला काही सुचेना, म्हणून ही पाढे म्हणत राहिली.
सातापर्यंत पोचले होते, म्हणाली.
इरिदे, त्या नऊ मिनिटांत कुणी गात नाही.

वाचला तो. आता जिन्यात फुटबॉल खेळतो,
माझ्या दाराचा रंग उडवलाय मेल्यानं.
त्या रात्री प्रयोग होता की नव्हता,
मी डायरी उघडून पाहिली नाही. पाहायचीही नाही.

मग तुझी मुलगी मरते का शेवटी?
अजून ठरत नाही. वर्ग भांडतोय.
अर्ध्यांना ती मेलेलीच हवी, रडता येतं म्हणून.
विल्मेर म्हणतो, आधी लिफ्ट दुरुस्त कर.

शनिवारी मी झग्याला आतून खिसा शिवला,
डाव्या कुशीला, अस्तराच्याच कापडाचा,
दम्याचा पंप मावेल एवढा.
दिग्दर्शकाला सांगितलं नाही, तिलाही नाही.
पहिल्या रांगेतूनसुद्धा दिसला नसता.
रात्री ती मेली, नेहमीच्या वेळेला. टाळ्या. फुलं.
मग बादली, गार पाणी,
आणि सव्वीस वर्षांत पहिल्यांदा
तिला बुडवण्याआधी खिसा चाचपायची पाळी आली.

आत एक कागद होता,
निलगिरीच्या गोळीचा,
चारदा दुमडून नखाएवढा केलेला.
म्हणजे सापडला तिला.